मूळ गेम आधी पुरा द्या : स्ट्रॅटेजी गेमच्या प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
स्ट्रॅटेजी गेम प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापन,
टूके, पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह, सेगा, मायक्रोसॉफ्ट आणि या व्यवसायातील इतर सर्व

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, फेब्रुवारी २०२५ मध्ये टूकेचा ‘सिव्हिलायझेशन ७’ हा इतिहासातली राज्ये चालवण्याचा गेम बाजारात आला तेव्हा त्याच्या मूळ आवृत्तीची किंमत ७० डॉलर होती आणि त्या किमतीत ग्रेट ब्रिटन नव्हते. १९९१ साली ही मालिका सुरू झाल्यापासून प्रत्येक क्रमांकाच्या मूळ गेममध्ये इंग्रज होते. या वेळी ते महिन्याभरात, मार्चमध्ये, ३० डॉलरच्या वेगळ्या संचातून आले. गेमच्या आधुनिक कालखंडात मुघल म्हणून खेळता येते, परंतु ज्यांनी मुघल सत्तेचा शेवट केला ते ब्रिटिश जादा पैसे भरल्याखेरीज नकाशावर उतरतच नाहीत. वेगळ्या संचात काय घालायचे याचा निर्णय तुमच्यापैकीच कोणीतरी बैठकीत बसून घेतला असणार. तो निर्णय मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, आणि हा एकच प्रसंग असता तर मी पत्र लिहायला बसलोही नसतो.

मी नाशिकमध्ये एका सीएच्या ऑफिसात हिशेब तपासण्याचे काम करतो. एखाद्या वस्तूची किंमत कशी बसते, तिच्यात माल किती, मजुरी किती आणि नफा किती, हे पाहणे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे कोणी किंमत जास्त लावली एवढ्याने मी चिडत नाही. कॉलेजात असताना नेटकॅफेत ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळायला शिकलो आणि स्ट्रॅटेजी गेमची आवड लागली ती लागलीच. आता पुण्यातला धाकटा भाऊ, नोकरीसाठी डब्लिनला गेलेला वर्गमित्र आणि मी असे तिघे रविवारी रात्री एका नकाशावर भेटतो. घरातली आजारपणे, नोकरीतल्या अडचणी, मुलांचे दहावीचे निकाल हे सगळे आम्ही एकमेकांना फोनवर कमी आणि या खेळाच्या वेळी जास्त सांगतो. तुम्ही या गेमचे काय करता याच्याशी माझा संबंध म्हणूनच केवळ खिशापुरता नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. एक्सपान्शन किंवा डीएलसी, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडायचे मोठे-लहान जादा भाग, विकण्याला माझा विरोध नाही. काही एक्सपान्शन अशी आहेत की त्यांचे दुप्पट पैसे मागितले असते तरी मी ते आनंदाने दिले असते. २००० साली आलेल्या ‘द कॉन्करर्स’ने ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये पाच नव्या संस्कृती आणल्या, मोहिमा आणल्या, आणि त्याबरोबर एक लहानशी सोयही आणली: गिरणीवर टिचकी मारून पुढच्या शेतांचे पैसे आधीच भरून ठेवता येऊ लागले, म्हणजे शेत संपले की गावकरी रिकामा उभा न राहता आपोआप पुन्हा पेरणीला लागे. ज्याने त्याआधीचा गेम खेळला आहे त्याला विचारा, या एका सोयीने लढाईच्या ऐन मध्यात केवढा जीव हायसा होत असे. मूळ गेम १९९९ साली आला तेव्हाच पुरा होता. वर्षभर लोक तो खेळले, काय रुचते आणि काय खुपते हे कळले, आणि मग त्यावर नवे काम झाले.

त्याच गेमचे ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हे एप्रिल २०२२ मधील एक्सपान्शन मी पहिल्याच दिवशी घेतले. त्याआधी अख्खा भारत ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली कोंबलेला होता. या एक्सपान्शनने हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार संस्कृती वेगळ्या केल्या, बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा दिल्या, आणि गुर्जरांना तर असा नियम दिला की मेंढ्या मारून खाण्याऐवजी गिरणीत ठेवल्या तर त्या सतत थोडे थोडे अन्न देत राहतात. उरुमी ही लवचिक तलवार फिरवणारा सैनिक पडद्यावर पाहिला तेव्हा डब्लिनच्या मित्राने हेडफोनमध्ये केलेला आरडाओरडा मला अजून आठवतो. किंमत १० डॉलर. विकत न घेणाऱ्याचेही काही बिघडले नाही, कारण एक्सपान्शन असलेल्या मित्राविरुद्ध तो पूर्वीसारखाच खेळू शकत होता. स्ट्रॅटेजीबाहेरचे उदाहरण द्यायचे तर पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने ‘द विचर ३’सोबत १६ लहान डीएलसी मोफत दिल्या आणि नंतर २०१५ व २०१६ मध्ये दोन मोठी एक्सपान्शन अनुक्रमे १० आणि २० डॉलरला विकली. त्यातील दुसऱ्यात तुसाँ नावाचा सबंध नवा प्रदेश होता. त्या किमतीबद्दल माझ्या ओळखीत आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

किंमत योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी बहुतेक चर्चांमध्ये तासांचा हिशेब मांडला जातो: इतक्या डॉलरला इतक्या तासांचा खेळ, म्हणजे तासाला इतके. मला हे माप मान्य नाही. तास वाढवणे ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. नकाशा मोठा करा, सैन्याचा वेग कमी करा, झाले तास दुप्पट. २००६ साली बेथेस्डाने ‘ऑब्लिव्हियन’मधील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकले आणि पुढच्याच वर्षी त्याच गेमचे ‘शिव्हरिंग आइल्स’ हे ३० डॉलरचे एक्सपान्शन आणले. त्यातले स्वस्त होते ते चिलखत आणि लोकांनी आनंदाने विकत घेतले ते एक्सपान्शन, यावरूनच आकडा हा खरा प्रश्न नाही हे दिसते. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच आहे: हा भाग नसताना मूळ गेम पुरा होता का? होता, तर एक्सपान्शनची किंमत ही तुमच्या-आमच्यातली साधी खरेदी-विक्री आहे, पटली तर घेऊ, नाहीतर नाही. नव्हता, तर १ डॉलरही जास्त आहे, कारण त्याचे पैसे मूळ गेमच्या किमतीत आम्ही आधीच भरलेले असतात.

या एका प्रश्नाच्या कसोटीवर माझ्या तक्रारी पुढे मांडतो.

पहिली तक्रार, मूळ गेममधून काढून घेतलेल्या भागांची. ‘सिव्हिलायझेशन ७’चे उदाहरण वर दिलेच आहे. ‘सिव्हिलायझेशन ५’च्या वेळीही चौथ्या भागात असलेले धर्म आणि हेरगिरी हे दोन्ही विषय मूळ गेममधून गायब झाले आणि २०१२ च्या ‘गॉड्स अँड किंग्ज’ या एक्सपान्शनमधून परत आले. त्या एक्सपान्शनमधील धर्माची रचना चौथ्या भागाहून खूपच चांगली होती हे मी मोकळेपणाने मान्य करतो, आणि म्हणून त्या वेळी मी फारसे मनाला लावून घेतले नाही. परंतु मालिकेच्या आधीच्या भागात जे होते ते पुढच्या भागात नसणे आणि मग त्याचे वेगळे पैसे लागणे ही सवय तिथून वाढत गेली. कॅपकॉमने २०१२ साली ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’च्या डिस्कवरच बारा लढवय्ये भरून ठेवले आणि त्यांना कुलूप लावून नंतर ते विकायला काढले, तेव्हा खेळणाऱ्यांचा संताप झाला तो उगाच नव्हे. बिल्डरने फ्लॅटचे पूर्ण पैसे घ्यावेत, ताबा द्यावा आणि एका खोलीच्या किल्लीचे वेगळे पैसे मागावेत, तसा हा व्यवहार होता. आता डिस्क उरलेली नाही, सगळे इंटरनेटवरून उतरते, त्यामुळे कुलूप दिसत नाही इतकाच फरक.

दुसरी तक्रार माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे आणि ती थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण जे हे गेम खेळत नाहीत त्यांना ती चटकन कळत नाही. पॅराडॉक्सचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा २०१३ चा गेम. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो आणि जगातले कोणतेही राज्य निवडता येते. मी बहुधा बहमनी किंवा विजयनगर घेतो. २०१५ साली ‘कॉमन सेन्स’ या १५ डॉलरच्या एक्सपान्शनने आपल्या प्रांताचा विकास करण्याची सोय आणली: राजाचे प्रशासकीय, राजनैतिक किंवा लष्करी गुण खर्च करायचे आणि त्या प्रांताचा कर, उत्पादन किंवा मनुष्यबळ वाढवायचे. इथवर ठीक होते. मात्र ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वांना मोफत मिळालेल्या पॅचने, म्हणजे गेममध्ये करायच्या बदलांच्या फाइलने, तंत्रज्ञानाचे नियमच बदलले. रेनेसान्ससारखी ‘संस्था’ (नव्या विचारांच्या लाटेला गेममध्ये दिलेले नाव) युरोपात जन्म घेणार, तिथून हळूहळू पसरणार, आणि ती तुमच्या राज्यात पोहोचेपर्यंत तुमचे तंत्रज्ञान वर्षागणिक महाग होत जाणार. दख्खनमध्ये बसलेल्या खेळाडूला या खर्चातून सुटण्याचा हमखास उपाय एकच: एका प्रांताचा भरपूर विकास करून ती संस्था तिथेच रुजवणे. आणि विकासाची बटणे होती त्या १५ डॉलरच्या एक्सपान्शनमध्ये.

म्हणजे नियम बदलला तो सर्वांसाठी, आणि त्या बदलातून वाट काढण्याचे साधन मात्र विकत. फ्रान्स किंवा कॅस्टील घेऊन खेळणाऱ्याला याची झळ फारशी लागत नसे. भारत, आफ्रिका किंवा अमेरिकेतले राज्य घेणाऱ्याला ती सर्वांत जास्त लागे. तुमच्या कार्यालयात हे कोणी मुद्दाम ठरवले असेल असे मला वाटत नाही. परंतु पॅच आणि एक्सपान्शन यांचे काम एकाच वेळी चालते, नवी यंत्रणा लिहिणाऱ्यांकडे सगळी एक्सपान्शन असतातच, आणि ज्याच्याकडे फक्त मूळ गेम आहे असा खेळाडू त्या खोलीत बसलेलाच नसतो. पुढे कित्येक वर्षांनी ‘कॉमन सेन्स’ मूळ गेममध्ये सामावून घेतले गेले, ते योग्यच झाले. तोपर्यंत ज्यांनी पैसे भरले ते भरले, आणि ज्यांनी कंटाळून गेम सोडला ते सुटले.

तिसरी तक्रार: मूळ गेम धड चालत नसताना त्याच्यावर डीएलसी विकणे. कोलोसल ऑर्डरने घडवलेला आणि पॅराडॉक्सने प्रकाशित केलेला ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा चांगल्या कॉम्प्युटरवरही अडखळत होता. त्याची दुरुस्ती चालू असतानाच मार्च २०२४ मध्ये ‘बीच प्रॉपर्टीज’ नावाची १० डॉलरची डीएलसी आली. तिच्यात समुद्रकाठची घरे होती, ताडाची झाडे होती, पण ज्याला आपण चौपाटी म्हणू असे काही नव्हते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर त्या वेळी तिला जितके वाईट अभिप्राय मिळाले तितके क्वचितच कशाला मिळाले असतील. एप्रिलमध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून जाहीर माफी मागितली, डीएलसी मोफत केली, पैसे परत केले, आणि आधी मूळ गेम सुधारू असे सांगितले. या वागण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एक गोष्ट राहिलीच. ज्यांनी सुरुवातीलाच सर्वांत महागडी ‘अल्टिमेट’ आवृत्ती घेतली होती त्यांना रोख परतावा मिळाला नाही, त्याऐवजी आणखी काही संच आणि रेडिओ स्टेशने मिळाली. ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त विश्वास टाकला त्याच्याच पदरात सर्वांत कमी पडावे, हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

चौथी तक्रार किमतीच्या चढीची. सेगाच्या ‘टोटल वॉर : वॉरहॅमर ३’साठी ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला ‘शॅडोज ऑफ चेंज’ २५ डॉलरला होता. दुसऱ्या भागातील साधारण याच धर्तीच्या संचांची किंमत याच्या निम्म्याहूनही कमी होती. खेळणाऱ्यांनी जोरदार निषेध केला, वर्षअखेरीस तो गेम बनवणाऱ्या क्रिएटिव्ह असेंब्लीने चूक कबूल केली आणि पुढे त्याच संचात नवे सेनानी आणि सैन्य जादा पैसे न घेता घातले. याच माफीनाम्यात ‘टोटल वॉर : फेरो’ या त्यांच्याच दुसऱ्या गेमची किंमत ६० वरून ४० डॉलरवर आणली गेली आणि आधी घेतलेल्यांना फरकाची रक्कम परत मिळाली. या प्रसंगातून मला दिसते ते असे की कमी किमतीत तेच काम तुम्हाला परवडत होते. निषेध झाला नसता तर?

पाचवी तक्रार परताव्याची, आणि ती दुकान चालवणाऱ्यांनाही लागू आहे. स्टीमवर डीएलसीचे पैसे परत हवे असतील तर खरेदीला १४ दिवसांपेक्षा जास्त झालेले नसावेत आणि खरेदीनंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धावपळीचे, मारामारीचे गेम असावेत. ‘युरोपा’सारख्या गेममध्ये दोन तासांत फार तर शेजारच्या एखाद्या राज्याशी पहिले युद्ध संपते. ज्या यंत्रणेचे पैसे भरले ती खेळाच्या तिसऱ्या शतकात चालू होणार असेल तर ती बरी की वाईट हे दोन तासांत कळणार कसे? इतर प्रकारांतही हे आहेच. ‘एल्डन रिंग’च्या ४० डॉलरच्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’त पाऊल टाकण्यासाठी मूळ गेममधील राडान आणि मोग या दोन बलाढ्य शत्रूंना हरवावे लागते. ज्याला ते जमलेले नाही त्याचे दोन तास एक्सपान्शनचे दार दिसण्याआधीच संपतात.

सहावी तक्रार थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. विकलेला माल परत नेऊ नये. बंजीने ‘डेस्टिनी २’मधून नोव्हेंबर २०२० मध्ये मूळ मोहीम आणि पहिली दोन एक्सपान्शन काढून टाकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फोर्सेकन’ या नंतरच्या एक्सपान्शनची मोहीमही काढली. लोकांनी त्याचे पैसे भरले होते.

सातवी तक्रार आमच्या तिघांच्या रविवारची. एका गेममध्ये, त्याचे नाव मी घेत नाही, माझ्या मित्राने नवे नकाशे आणि राज्ये असलेली डीएलसी घेतली. भावाने घेतली नव्हती, कारण त्याच सुमारास त्याची नोकरी गेली होती. यजमानाकडे असलेली डीएलसी सर्वांना वापरता यावी अशी सोय तुमच्यापैकी काही कंपन्या देतात आणि ती उत्तम आहे. या गेममध्ये ती नव्हती. भाऊ म्हणाला, तुम्ही दोघे खेळा, मी बघतो. आम्ही अर्थातच जुन्याच नकाशावर खेळलो आणि मित्राचे पैसे वाया गेले. परंतु ज्या खेळाचा सगळा अर्थ एकत्र बसण्यात आहे त्यात कोणाच्या खिशात किती आहे हे असे उघडे पडावे, याचे मला फार वाईट वाटले. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’ने २०१५ मध्ये ५० डॉलरचा सीझन पास (पुढे येणाऱ्या डीएलसी एकत्र आगाऊ विकत घेण्याचा पास) काढून खेळाडूंचे असेच दोन गट पाडले होते. पुढच्या भागात प्रकाशक ईएने पास रद्द केला आणि त्याच्या जागी नशिबाच्या पेट्या, म्हणजे आत काय निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही अशा पेट्या (लूट बॉक्स), आणल्या. तो उपाय आजारापेक्षा वाईट निघाला, आणि २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले.

भारतापुरता एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडतो. नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर रुपयांत खरेदी करता येते आणि अनेक प्रकाशक इथल्या मिळकतीचा विचार करून मूळ गेमची किंमत कमी ठेवतात. याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण पुष्कळदा सवलत मूळ गेमपाशीच थांबते आणि डीएलसीची किंमत जवळजवळ डॉलरच्या भावाने लागते. त्यामुळे अमेरिकेत जे एक्सपान्शन मूळ गेमच्या अर्ध्या किमतीचे आहे ते इथे मूळ गेमच्या बरोबरीला येऊन बसते. मूळ गेम स्वस्त आहे म्हणून आत आलेला कॉलेजचा मुलगा नंतरच्या प्रत्येक खरेदीत पूर्ण भाव मोजतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि अशा १३ प्रकारांची नावे दिली. किमतीचे भाग सुरुवातीला न सांगता ग्राहक पुढे सरकेल तसे एकेक उघड करणे हा त्यातील एक प्रकार आहे. तुमचा प्रत्येक व्यवहार या तत्त्वांत बसतो की नाही हे वकिलांनी पाहावे. पण ज्या गेमच्या विक्रीपानावर मूळ किंमत मोठ्या अक्षरांत असते आणि खाली डीएलसीची यादी संपता संपत नाही, त्या पानावर नव्या ग्राहकाला ‘पुरा गेम नेमका केवढ्याला पडतो’ याचे उत्तर मिळत नाही, हे तुम्हीही नाकारणार नाही.

आता तुमची बाजू. मोठ्या गेमची किंमत २००५ च्या सुमारापासून २०२० पर्यंत ६० डॉलरच राहिली आणि त्या काळात पगार, भाडी, कलाकारांची संख्या सगळे पुष्कळ वाढले. गेम तपासणीसाठी पाठवल्यापासून बाजारात येईपर्यंत चित्रकार आणि लेखक यांना काम हवे असते आणि पहिल्या दिवशीची डीएलसी पुष्कळदा त्याच काळात तयार होते. एखादा गेम दहा-दहा वर्षे सांभाळायचा तर त्याला उत्पन्नाचा झरा लागतो. हे सगळे मला मान्य आहे. माझ्या टेबलावर असा ताळेबंद आला असता तर मीही किंमत वाढवण्याचा सल्ला दिला असता. मूळ गेमची किंमत ७० ऐवजी ८० डॉलर करा, कारणे सांगा आणि गेम पुरा द्या. घ्यायचा की सेलपर्यंत थांबायचे हे आम्ही ठरवू. सर्व डीएलसींसाठी महिन्याचे भाडे घेण्याचा जो मार्ग तुमच्यापैकी काहींनी २०२१ पासून धरला आहे तो नव्या माणसाला गेम चाखून पाहण्यापुरता ठीक आहे, परंतु वर्षानुवर्षे तोच गेम खेळणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच उरत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

मूळ गेमच्या विक्रीपानावर, किमतीच्या शेजारीच, कोणत्या यंत्रणा आणि कोणती राज्ये फक्त डीएलसीत आहेत हे साध्या भाषेत लिहावे. मालिकेच्या आधीच्या मूळ गेममध्ये असलेला एखादा मोठा भाग नव्यात नसेल तर तेही लिहावे.

मोफत पॅचने जो नियम सर्वांना लागू होतो त्याला तोंड देण्याचे साधन मूळ गेममध्येच असावे. प्रत्येक मोठा पॅच प्रसिद्ध करण्याआधी एकही डीएलसी नसलेल्या प्रतीवर एक पूर्ण मोहीम खेळून पाहावी, आणि ती मोहीम युरोपबाहेरच्या राज्याने खेळावी.

मूळ गेममधील जाहीरपणे मान्य केलेले गंभीर दोष दुरुस्त होईपर्यंत पैसे घेऊन डीएलसी विकू नये.

सीझन पासमध्ये काय काय मिळणार आणि केव्हा मिळणार हे विक्रीआधी सांगावे, आणि त्यातले काही रद्द झाले तर पैसे परत करावेत. स्टीमने २०२४ च्या अखेरीस असा नियम केलाच आहे. तुमच्या स्वतःच्या दुकानांतही तो लागू करावा. महागडी आवृत्ती आगाऊ घेणाऱ्याला परताव्याचा हक्क इतरांइतकाच असावा.

डीएलसीच्या परताव्याची वेळ मूळ गेमच्या घड्याळावर न मोजता त्या डीएलसीतील भाग प्रत्यक्ष उघडल्यापासून मोजावी, आणि स्ट्रॅटेजी गेमसाठी ती दोन तासांहून जास्त असावी.

पैसे घेतलेला कोणताही भाग काढून घेऊ नये. सर्व्हर बंद करावेच लागले तर एकट्याने खेळता येईल अशी प्रत ग्राहकाकडे राहू द्यावी.

एकत्र खेळताना एका खेळाडूकडे असलेली डीएलसी त्या टेबलावरच्या सर्वांना वापरता यावी.

रुपयांतील किमतीत मूळ गेम आणि डीएलसी यांचे प्रमाण डॉलरमधील प्रमाणाइतकेच ठेवावे.

आणि जी डीएलसी नसताना गेमचा तोल जातो असे तुम्हालाच वाटू लागले आहे ती ठराविक वर्षांनी मूळ गेममध्ये सामावून घ्यावी. ‘कॉमन सेन्स’च्या बाबतीत हे करता आले आहे. किती वर्षांनी, हे गेम विकतानाच जाहीर करावे, म्हणजे आज पैसे भरणाऱ्यालाही फसल्यासारखे वाटणार नाही आणि थांबणाऱ्यालाही किती थांबायचे ते कळेल.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, याचे उत्तर तुमच्या पुढच्या मोठ्या गेमच्या आगाऊ नोंदणीआधी जाहीरपणे द्यावे, ही विनंती. तोपर्यंत आम्ही तिघांनी कोणत्याही गेमची आगाऊ नोंदणी न करण्याचे आणि मूळ गेमवरील अभिप्राय वाचल्याखेरीज एकही डीएलसी न घेण्याचे ठरवले आहे. हे पत्र वाचणाऱ्या मराठी खेळाडूंनीही तसेच करावे, असे मी त्यांना सांगणार आहे.

कळावे,
आपला,
एक ग्राहक, नाशिक